भोंगा वाजला की वर यायचं

बेलतांडा, ता. महागाव
सोमवार, १९ मे २०२५

बादलले बाईचा आशीर्वाद.

आम्ही इकडं सगळे ठीक आहो. तू बी ठीक असशील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाई आन् मले धरून चालण्याबिगर दुसरं काही ठेवलं नाई. आधी वाटलं ड्युटीवर असशील. मंग वाटलं झोपला असशील. मंग तुह्या जिजाजीच्या फोनवरून लावून पाह्यला, तर लगेच उचलला आन् माहा आवाज ऐकला तसा कट केला. शाब्बास. एवढा मोठा झाला तू.

म्हणून हे पत्र. काकाचा सुनील लग्नासाठी आला होता, तो उद्याच्या ट्रॅव्हल्सनं चाकणले परत चालला. त्याच्या हाती देऊन राह्यली. त्याले सांगतलं की बादल पुरं वाचेपर्यंत त्याच्यासमोरून उठू नको, आन् तांड्यातलं काही तू सांगू नको, मी लिहिते. तर त्या पोराले उगीच त्रास देऊ नको, मुकाट्यानं वाच.

राखी बारावी पास झाली. मार्क विचारू नको, पास झाली एवढं पुरे. मामाले सांग, मामाले सांग, असं चालू आहे तिचं. मी म्हटलं, तुहा मामा कोणत्या देशात आहे ते मले कळलं की सांगते. विहिरीले पाणी टिकून आहे. कपाशीचं बियाणं आणायचं आहे, जिजाजी आज जातो उद्या जातो करून राह्यले. याडी बरी आहे. जेवते. पुरापासून माय माह्याकडंच असते, वरच्या ओळीतल्या घरात.

आता माह्या डोक्याले ताप काय आहे ते ऐक. पुरानंतर आपल्या तांड्यावर सगळ्यायची माया उतू चालली. महिन्याला एक तरी गाडी येते. कोणी ट्रेनिंग देते, कोणी सामान देते, फोटो काढते, चहा पिते आन् जाते. मी अंगणवाडीची ताई, त्यात आपत्तीचं ट्रेनिंग घेतलेली, म्हणून सगळं माह्या गळ्यात. लहान लेकरायचं वजन करू की पाहुण्यायच्या खुर्च्या मांडू, हे मले कोणी विचारत नाई.

एक पुस्तक आलं. चिकना कागद, रंगीत चित्रं. पहिल्याच पानावर समुद्राची मोठी लाट, आन् खाली लिहिलेलं की किनाऱ्यापासून दूर, उंच जागी जा. मी त्या देणाऱ्या पोराले म्हटलं, भाऊ, महागाव तालुक्यात समुद्र कोणत्या बाजूनं येते ते दाखव, आम्ही आजच निघतो. तो म्हणे, ताई, हे सगळ्या राज्यासाठी एकच छापलं आहे. समुद्र आहे, भूकंप आहे, दरड आहे. नाला नाई. तलावाचा सांडवा नाई. आपण ज्यात बुडालो ते सोडून सगळं आहे त्या पुस्तकात.

दोर आला, चांगला जाड, पुरात माणसं ओढायचा. तो देवीलाल नायकाच्या नव्या गोऱ्ह्याच्या गळ्यात दिसला. मी नायकाले बोलली तर म्हणे, पुष्पा, पूर आला की सोडून देईन ना. नारंगी जाकिटं आली, ती होळीत पोट्ट्यायनं अंगात घालून लेंगीचा नाच केला. औषधाच्या पेटीतला कापूस बसंतीबाईनं दिव्याच्या वातीले नेला, आन् वर मलेच म्हणते की सरकारी कापूस चांगला जळत नाई.

मोबाईलवर विजेचा इशारा येते म्हणे आता. येते ना, बिलकुल येते. पण रेंज कुठं आहे तर टेकडीवर, शाळेपाशी. म्हणजे वीज पडणार आहे का नाई हे पाहायले आधी टेकडीवर जाऊन उघड्यावर उभं राह्याचं. हे मी मीटिंगमधे बोलली तर सगळे हसले. मी हसवायले बोलली नव्हती.

आन् ती थैली. प्रत्येक घरानं एक थैली भरून दरवाज्यापाशी टांगायची. त्यात बॅटरी, गोळ्या-औषधं, आधार कार्डाची झेरॉक्स, चिवडा, पाण्याची बाटली. मी घरोघरी फिरून सांगतलं. मंग तपासायले गेली तर रुक्माबाईची थैली फुगून फाटायले आलेली. उघडली तर आत तिचा लग्नातला घेरदार फेटिया आन् कांचळी चोळी, आरशायनं मढवलेली, दगडासारखी जड. मी म्हटलं, बॅटरी कुठं आहे? म्हणे, बॅटरी दुकानात भेटते, हे कुठं भेटते? मी तिले दुसरी थैली आणून दिली.

हे सगळं तुले कायले सांगून राह्यली असं वाटत असेल. मलेच समजत नाई. भोंग्याचं लिहायचं आहे, आन् हात दुसरीकडंच चालून राह्यला.

तर भोंग्याचं. तुले सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू गेल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी गोष्ट आहे आन् खरं काय ते एकदा कुठंतरी नीट लिहिलेलं पायजे.

हातानं फिरवायचा तो भोंगा तहसीलीनं दिला होता पुरासाठीच, देवळापाशी बसवला होता, आन् ट्रेनिंग घेतलं म्हणून तो माह्याकडं होता. सालभर त्याच्यावर कबुतरं बसली. मंग तुह्या रेशन दुकानातलं ते अंगठ्याचं मशीन रुसायले लागलं. रेंज आली तर तासभर, नाई तर दिवसभर नाई. लोक वावरात. बाया निंदण सोडून येत, अंगठा लागत नसे, परत जात, आन् जाता जाता तुह्या नावानं बोटं मोडत. तवा तूच म्हणाला, बाई, मशीन चालू झालं की भोंगा फिरवत जाऊ, वावरापर्यंत ऐकू जाते. मी हो म्हटलं. नायक खूश. बाया खूश. भोंगा वाजला की पोतं घ्यायचं आन् खाली दुकानाकडं पळायचं, लहान लेकराले बी समजत होतं. पाहणीले आलेल्या सायबानं बी तुही पाठ थोपटली. तवा कोणी म्हटलं नाई की हे चुकून राह्यलं. आज सगळ्यायले म्हणता येते.

मागच्या श्रावणात तीज बसली होती. पोरी नायकाच्या अंगणात टोपल्यातल्या गव्हाले पाणी घालत होत्या, गाणी चालू होती. मी टेकडीवर अंगणवाडीत होती, म्हणून मले मेसेज भेटला की वरच्या तलावाचा सांडवा जोरात चालू झाला, बांध धरत नाई, नाल्याकाठच्या लोकायले हलवा. मी खाली देवळाकडं पळाली आन् भोंगा फिरवला. मले शिकवलं होतं तेच केलं.

आन् लोक पोते घेऊन निघाले. तीन दिवसांपासून तुहं मशीन बंद, सगळे रेशनची वाट पाहून राह्यलेले. भोंगा वाजला तर दुसरं काय समजणार? मी ओरडत होती की खाली नका जाऊ, पण भोंग्यापुढं माहा आवाज जातो का कुठं. थांबवावं तर वावरातल्यायले कोण बोलावणार. माह्यासमोरून बाया हसत हसत खाली चालल्या होत्या.

तू दुकानाच्या दारात होता. तूच आधी पाणी पाह्यलं. खालच्या ओळीतले लोक भोंगा ऐकून घराबाहेर आले म्हणूनच तुले सापडले, आन् तू एकेकाले दुकानामागच्या वाटेनं वर हाकललं. आपल्या याडीले सगळ्यात आधी. ते सारे जिते आहेत, बादल. ही गोष्ट कोणी सांगत नाई. सांगतात ते जमनाबाईचं. तिचं घर वरच्या ओळीत, पाणी तिच्या उंबऱ्याले लागलं नसतं. पण नंबर पहिला लागावा म्हणून म्हातारी शॉर्टकटनं नाल्याच्या अंगानं आली. तू पाण्यात उतरला. तिच्या हातातल्या पोत्याचं एक टोक तिनं धरलं होतं, दुसरं तू धरलं. पोतं जुनं होतं. ते फाटलं.

त्यानंतर पाण्यानं तुले दुकानाच्या भिंतीआड नेलं आन् तू दिसेनासा झाला. लिंबाजवळ पोट्ट्यायनं तुले ओढून काढलं, पण ते आम्हाले लय उशिरा समजलं. तोवर याडी वर उभी होती, त्या भिंतीकडं पाहत. हे लक्षात ठेव, पुढं सांगते.

तांड्यात कोणी म्हटलं भोंगा बादलनं बिघडवला. कोणी म्हटलं पुष्पानं वाजवला. आम्ही दोघं बहीण-भाऊ मिळून तांडा बुडवणार होतो असंही एकजण म्हणाली, नाव लिहित नाई, तुले माहीत आहे. जमनाबाईच्या तेरवीचं जेवण झालं आन् दुसऱ्या दिवशी तू दुकानाची चावी नायकाच्या ओसरीवर ठेवून निघून गेला. मले सांगतलं नाई ते ठीक आहे, माह्याशी तुले भांडता आलं असतं. याडीले सांगतलं नाई, हे मी विसरणार नाई.

बरं. तू गेला आन् नायकानं भोंगा काढून पोत्यात बांधला, गोठ्यात टाकला. ठरलंच जसं, की तांड्यात भोंगा वाजवायचा नाई. अपशकुनी आहे म्हणे. आता मिरग तोंडावर आला, तहसीलीतून वैष्णवी मॅडम आल्या, आपत्तीचं काम त्यायच्याकडं आहे. म्हणाल्या, पावसाआधी एकदा रंगीत तालीम घ्यायची. खोटा पूर, खरा भोंगा, सगळ्यायनं टेकडीवर शाळेत जायचं.

त्यावर जी मीटिंग झाली, बाप्पा, माहं डोकं अजून ठणकून राह्यलं. एकजण म्हणे देवळाचा लाऊडस्पीकर लावू. मी म्हटलं, पावसात पहिली लाईनच जाते. दुसरा म्हणे नगारा वाजवू, आपल्या आजा-पणजापासून नगाराच आहे. मी म्हटलं, ओल्या हवेत नगाऱ्याचं कातडं ढिलं पडते, त्याचा आवाज शेजारच्या घरात जात नाई, वावरात काय जाईल? नायक म्हणे, पोरं पळवून घरोघरी सांगू. मी म्हटलं, कोणाची पोरं पळवता, तुमच्या घरचे दोघं पुण्याले आहेत. मंग नायक रुसले. वैष्णवी मॅडम बिचाऱ्या एकाकडून दुसऱ्याकडं पाहून राह्यल्या. शेवटी भोंगा गोठ्यातून आणला, पुसला, देवळापाशी बसवला. पण फिरवायले कोणी पुढं येईना. मी गेली, दांडा धरला, आन् हात हलेना. सगळे पाहून राह्यले होते.

तवा जमनाबाईचा लालसिंग उठला. पुरापासून तो माह्याशी बोलला नव्हता, वाटेत दिसला तर बाजूनं जाई. तो आला, माहा हात दांड्यावरून काढला आन् लोकायकडं तोंड करून म्हणाला, "माही माय पाण्यानं मेली. भोंग्यानं नाई. हा वाजला की वर यायचं, पोतं घरी ठेवायचं. ज्याले हे समजलं नसेल त्यानं आज समजून घ्यावं."

आन् त्यानं फिरवला. दुपारचं ऊन, आभाळात ढग नाई, आन् त्या आवाजानं माह्या अंगावर काटा आला. पण लोक निघाले, बादल. वर निघाले. रुक्माबाई आपली फुगलेली थैली घेऊन, बसंतीबाई नातवाले कडेवर घेऊन, पोट्टे हसत-खिदळत, पण वर. दोनचार बायायनं सवयीनं पोतं उचललं होतं, ते रस्त्यात टाकलं. मॅडमनं शाळेत हजेरी घेतली. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, सुटलो.

एक माणूस कमी निघालं.

मी तुले वर लिहिलं की याडी बरी आहे, जेवते. ते खोटं नाई. जेवते, झोपते, राखीच्या केसायले तेल लावते, माह्या भाजीले नावं ठेवते. पण त्या हजेरीत नव्हती ती याडीच, आन् तिले कुठं शोधायचं ते मले माहीत होतं. मी खाली पळाली. तुह्या दुकानाच्या दारात उभी होती, नाल्याकडं तोंड करून, दाराची चौकट धरून, पदर खोचलेला. मी दंड धरला तर मले ढकललं. म्हणाली, "मारो बादल कत छ?" मी म्हटलं, याडी, बादल चाकणले आहे, कंपनीत आहे, बरा आहे. म्हणे, खोटं सांगू नको, पाणी येऊन राह्यलं, भोंगा वाजला, तो आतच आहे, भिंतीमागं. आन् वाकून भिंतीमागं पाहून राह्यली.

मॅडमनं म्हटलं, पुन्हा एकदा घेऊ, यावेळी आजीसोबत कोणाले ठेवू. रुक्माबाई आन् तुहे जिजाजी दोन बाजूनं बसवले, तिले आधीच समजावून सांगतलं, तिनं मान बी हलवली. भोंगा वाजला. तिनं रुक्माबाईच्या हाताले चावा घेतला, जिजाजीले असं झटकलं की ते ओट्यावरून खाली पडले, आन् निघाली खाली. तिच्या गुडघ्यायचं तुले माहीत आहे. दवाखान्यात जायचं म्हटलं तर ऑटो दारात पायजे. त्या दिवशी मी तिले गाठू शकली नाई.

डॉक्टरले दाखवलं. गोळ्या दिल्या, रातची झोप चांगली लागते. भोंग्यावर गोळी नाई त्यायच्याकडं. मॅडम म्हणाल्या, खोलीत बंद करता येईल का त्या वेळी. मी पाह्यलं त्यायच्याकडं, तर त्याच खाली पाहायले लागल्या. वाईट नाई ती बाई.

तू तिले फोनवर आवाज ऐकवशील असंही मी धरून चालली होती. म्हणून तर रोज लावत होती. पण मले वाटते, आवाजानं बी काही होणार नाई. भोंग्यात आवाज बुडते, हे माह्याहून जास्त कोणाले माहीत आहे? तिले तू दिसायले पायजे. टेकडीवर, शाळेच्या ओट्यावर, कोरड्या कपड्यात. भोंगा चालू असताना.

काल लालसिंग घरी आला होता. बसला, चहा घेतला, याडीच्या पाया पडला. निघताना म्हणाला, "भोंगा मी वाजवतो, त्याची चिंता नको. पण तुही याडी माह्याच्यानं वर चढणार नाई. बादलले बोलाव. माह्याकडून सांग." तर त्याच्याकडून सांगून राह्यली. तू ज्याच्या तोंडाले भिऊन पळाला, तो हे म्हणते. आता तुह्याजवळ कारण राह्यलं नाई. असलं तर इथं येऊन सांग, मी ऐकते.

दुकान चालव असं मी म्हणत नाई. तांड्यात कायमचा राह्य असं बी म्हणत नाई. मिरगाच्या आत ये, मॅडम अजून एक तालीम घेणार आहेत, तेवढ्याले वर उभा राह्य. मंग श्रावण सरेपर्यंत थांब. कंपनीले काय सांगायचं ते सांग. माय आजारी आहे म्हण, खोटं होणार नाई.

मले रागाशिवाय लिहिता येत नाई, तुले माहीत आहे. सारं पत्र भांडणातच गेलं. पण एक गोष्ट रागानं लिहित नाई, शांतपणे लिहिते, जिजाजीले आन् राखीले बी अजून सांगतली नाई. यंदा भोंगा लालसिंग फिरवणार. म्हणजे माहे हात मोकळे आहेत. खरा पूर आला आन् भोंगा वाजला, तर याडी खाली जाणार, आन् मी तिच्यामागं जाणार. मी तिले तिथं एकटी सोडून वर उभी राहू शकत नाई. तू पाण्यात उतरला तवा तुले कोणी विचारलं नाई, मलेही विचारू नको.

ये म्हणून दुसऱ्यांदा लिहित नाई.

तुही बाई,
पुष्पा